बिल कुणाच्या नावावर फाडायचं?

अमेरिकेत समाजवाद बघायचा असेल तर न्यूयॉर्कला जाऊ नका, फ्लोरिडात जा. गव्हर्नर रिपब्लिकन, विधिमंडळ रिपब्लिकन, आणि भाषण कुठलंही असो, त्यात मुक्त बाजारपेठेची आरती ठरलेली. अशा या राज्यात 2023 साली घरांचा विमा उतरवणारी सगळ्यात मोठी कंपनी कुठली होती? सरकारने काढलेली. नाव सिटिझन्स प्रॉपर्टी इन्शुरन्स कॉर्पोरेशन. त्या वर्षी तिच्याकडे 14 लाखांच्या आसपास पॉलिसी साठल्या होत्या. मुक्त बाजारपेठेने ज्यांना दारातूनच "पुढे व्हा" म्हणून सांगितलं, ते सगळे या धर्मशाळेत उतरले होते.

ही वेळ का आली ते समजायला 1992 पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी 24 ऑगस्टच्या पहाटे अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ मायामीच्या दक्षिणेला होमस्टेडजवळ आदळलं. कॅरन क्लार्क नावाच्या बाई तेव्हा संगणकावर वादळी नुकसानीचं गणित मांडत असत. नुकसान 13 अब्ज डॉलरच्या वर जाईल, असं त्यांनी लगोलग कळवलं. विमा धंद्यातल्या जुन्याजाणत्यांचा त्यावर विश्वास बसेना. अखेर दाव्यांचा आकडा साडेपंधरा अब्जांवर गेला आणि अकरा कंपन्या आडव्या झाल्या. तोवर पद्धत साधी होती. मागच्या काही वर्षांत किती क्लेम आले ते बघायचं आणि त्यावरून पुढचा हप्ता ठरवायचा. मागची काही वर्षं मोठी वादळं या भागाला चुकवून गेली होती, म्हणून हप्ते स्वस्त होते. हप्ते स्वस्त म्हणून लोक किनाऱ्याला घरं बांधत सुटले होते. किनारा स्वस्त कधीच नव्हता, बिल यायचं राहिलं होतं इतकंच.

ते बिल गेली तीसेक वर्षं फ्लोरिडात या टेबलावरून त्या टेबलावर फिरतंय. तिथल्या राजकारण्यांनी विमा स्वस्त केला असं त्यांचे समर्थक म्हणतात आणि महाग केला असं विरोधक म्हणतात. मला विचाराल तर त्यांनी दोन्ही केलेलं नाही. आकडा कुठल्या कागदावर आणि कुणाच्या नावाने छापायचा, एवढंच ते ठरवत आले. पण ज्या सफाईने ठरवत आले, त्याला दाद द्यायला हवी.

पहिली दाद चार्ली क्रिस्ट यांना. 2004 साली चार्ली, फ्रान्सिस, आयव्हन आणि जीन अशी चार वादळं सहा आठवड्यांत फ्लोरिडाला धुऊन गेली. (पहिल्या वादळाचं आणि भावी गव्हर्नरांचं नाव एकच, हा निव्वळ योगायोग.) पुढच्या वर्षी विल्मा. हप्ते भडकले, लोक भडकले, आणि हप्ते उतरवून दाखवतो म्हणत क्रिस्ट निवडून आले. जानेवारी 2007 मध्ये खास अधिवेशन भरवून सिटिझन्सचे दर गोठवण्यात आले. अँड्र्यूनंतर काढलेला सरकारी वादळ निधी, ज्याला तिकडे कॅट फंड म्हणतात, त्याची हमी भरमसाट वाढवली. म्हणजे खासगी कंपनीने मोठं वादळ सोसायला जो पैसा बाजारातून विकत घ्यायचा, तो सरकारने स्वस्तात देऊ केला. सरकारकडे तेवढा पैसा होता का? नव्हता. वादळ आलं की कर्ज काढू आणि मग लोकांकडून वसूल करू, अशी ती योजना होती. योजना यशस्वी झाली, कारण वादळ आलंच नाही. ऑक्टोबर 2005 च्या विल्मानंतर थेट सप्टेंबर 2016 पर्यंत एकही हरिकेन फ्लोरिडाच्या जमिनीवर चढलं नाही. वादळ न आल्याचं श्रेय कुणी उघडपणे घेतलं नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

क्रिस्ट तेव्हा रिपब्लिकन होते. मग अपक्ष झाले, मग डेमोक्रॅट झाले, आणि 2022 मध्ये गव्हर्नर रॉन डीसँटिस यांच्याविरुद्ध डेमोक्रॅट म्हणून उभे राहून हरले. आपल्याकडच्या वाचकाला यात नवल वाटू नये.

2004-05 च्या वादळांनी सिटिझन्सच्या आणि कॅट फंडाच्या तिजोरीत जो खड्डा पडला, तो मात्र भरावाच लागला. त्यासाठी राज्यातल्या विमाधारकांवर अधिभार बसला आणि तो 2015 पर्यंत रेंगाळला. गंमत अशी की त्यातला काही भार मोटारीच्या विम्यावरही टाकला होता. म्हणजे समुद्रापासून दूर, भाड्याच्या खोलीत राहणारा, ज्याच्या नावावर मालमत्ता म्हणून एक जुनी टोयोटा, त्यानेही कुणाच्या तरी सागरकिनारी बंगल्याच्या छपराला हातभार लावला. फ्लोरिडात याला हरिकेन टॅक्स म्हणतात. कर म्हटलं की रिपब्लिकन मतदार चवताळतो, म्हणून सरकारी कागदावर त्याला कर कुणी म्हणत नाही.

हीच सिटिझन्सची खरी ताकद. डीसँटिस एकदा टीव्हीवर बोलून गेले की ही कंपनी सॉल्व्हंट नाही, म्हणजे मोठं वादळ झेपण्याइतका पैसा तिच्याकडे नाही. आपल्याच सरकारच्या कंपनीबद्दल इतकं खरं बोलणारा नेता विरळा. कंपनीचं उत्तर त्याहून खरं होतं: आम्ही बुडूच शकत नाही, कारण पैसा संपला तर इतरांच्या पॉलिसींवर अधिभार लावायचा हक्क आम्हाला कायद्यानेच दिला आहे. तोंडावर मारावं इतकं चोख उत्तर.

आता वकिलांकडे वळू. फ्लोरिडात 1893 सालचा एक कायदा होता. विमा कंपनीविरुद्ध खटला लावलात आणि जिंकलात तर तुमच्या वकिलाची फी कंपनीने द्यायची. हरलात तर कंपनीच्या वकिलाची फी तुम्ही द्यायची नाही. गरीब पॉलिसीधारकाला बड्या कंपनीपुढे उभं राहता यावं, हा हेतू. हेतू उत्तम होता, पण त्यावर मुक्कामाला आलेल्यांची संख्या वाढत गेली. छप्परवाले कंत्राटदार गल्लोगल्ली दार वाजवू लागले. ताई, तुमच्या छपराला गारांचा मार बसलेला दिसतो, आम्ही नवीन छप्पर फुकट बसवून देतो, फक्त इथे सही करा. सही केली की क्लेमचे हक्क कंत्राटदाराच्या नावावर. पुढचं भांडण कंत्राटदार, त्याचा वकील आणि कंपनी यांचं. घरमालकाला नवं छप्पर, वकिलाला फी, आणि पुढच्या वर्षी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाढीव हप्ता. राज्याच्या विमा खात्याचाच हिशेब होता की देशभरातल्या घरविम्याच्या दाव्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी दावे फ्लोरिडातले, पण त्यावरून लागलेल्या खटल्यांपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त खटले फ्लोरिडातले.

हा आकडा विमा कंपन्यांनी भगवद्गीतेसारखा पाठ केला. दर वाढला की वकील. कंपनी बुडाली की वकील. 2022 मध्ये एकामागून एक कंपन्या गुंडाळल्या गेल्या. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला इयान वादळ फोर्ट मायर्सच्या किनाऱ्यावर आलं आणि मे व डिसेंबर अशी दोन खास अधिवेशनं झाली. मेच्या अधिवेशनात करदात्यांचे 2 अब्ज डॉलर कंपन्यांच्या पुनर्विम्यासाठी, म्हणजे विमा कंपन्या स्वतःचा जो विमा काढतात त्यासाठी, बाजूला काढले. डिसेंबरमध्ये 1893 चा कायदा घरविम्यापुरता मोडीत काढला आणि छप्परवाल्यांना हक्क लिहून देण्याची सोयही बंद केली. खटले कमी झाले, नव्या कंपन्या आल्या, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत काहींनी दर थोडे उतरवण्यासाठी अर्जही केले. हे नाकारण्यात अर्थ नाही. वकिलांनी धुमाकूळ घातला होता, हे खरंच होतं.

फक्त त्या टेबलावर जेवायला वकील एकटे बसले नव्हते. राज्याने स्वतःच एक अभ्यास करवून घेतला होता, 2017 ते 2019 या वर्षांचा. तो 2022 मध्ये तयार होता, म्हणजे आमदार वकिलांवर तुटून पडले होते त्याच साली. लोकांसमोर मात्र आला 2025 मध्ये, तोही पत्रकारांनी पाठपुरावा केल्यावर. त्यात दिसलं ते असं: विमा कंपन्या तोटा दाखवत होत्या आणि त्याच काळात त्यांच्या भगिनी कंपन्यांकडे अब्जावधी डॉलर चालले होते.

हे जमतं कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. विमा कंपनीचा दर सरकार मंजूर करतं, त्यामुळे तिच्या नफ्यावर नजर असते. म्हणून मालक काय करतो, तर शेजारच्या खोलीत दुसरी कंपनी काढतो. ती पॉलिसी विकते, कागदपत्रं सांभाळते, क्लेम हाताळते, आणि या सगळ्याची फी विमा कंपनीकडून घेते. फी किती असावी, यावर नजर सैल. मग एका खोलीतल्या ताळेबंदात रडारड आणि दुसऱ्या खोलीत लाभांश. रडणारी कंपनी दरवाढ मागायला जाते तेव्हा शेजारच्या खोलीचं दार लावून घेतलेलं असतं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांच्या राजकारणात मुरलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत समजेल.

2023 च्या जुलैत फार्मर्स या मोठ्या कंपनीने फ्लोरिडातून गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. राज्याचे मुख्य वित्त अधिकारी तेव्हा जिमी पॅट्रोनिस. आग विझवणं आणि विमा ग्राहकांचं रक्षण, दोन्ही खाती त्यांच्याकडे. त्यांनी निदान केलं की फार्मर्स ही विमा धंद्यातली बड लाइट होणार. बड लाइट ही बिअर. तिने एका ट्रान्सजेंडर इन्फ्लुएन्सरला जाहिरातीला घेतलं म्हणून उजव्या मंडळींनी तिच्यावर बहिष्कार टाकला होता. म्हणजे कंपनी पळाली ती वादळामुळे नव्हे, पुनर्विम्याच्या दरामुळे नव्हे, तर अतिपुरोगामी झाल्यामुळे. छप्पर उडालेल्या माणसाला हे ऐकून किती धीर आला असेल! त्याच महिन्यात डीसँटिस एका रेडिओ कार्यक्रमात म्हणाले की यंदा मोठं वादळ न येवो, लाकडाला हात लावून बोलतो, म्हणजे कंपन्या परत यायला लागतील. दोन कोटींहून जास्त वस्तीच्या राज्याचं विमा धोरण लाकडावर टेकलेलं होतं. पुढच्याच महिन्यात इडालिया वादळ आलं.

टँपाला माझी मावसबहीण असते. गेल्या काही वर्षांत तिच्या घराचा विमा जितक्या हातांतून फिरला, तितक्यांतून लग्नाळू मुलाची पत्रिकाही फिरत नाही. आधीची कंपनी बुडाली. दुसरी कुणी घेईना, म्हणून सिटिझन्स. तिथे जरा स्थिरस्थावर होते न होते तोच पत्र आलं की अमुक एक खासगी कंपनी तुम्हाला घ्यायला तयार आहे, अमुक तारखेपर्यंत काही कळवलं नाहीत तर तुमची पॉलिसी तिकडे जाईल.

"दादा, उत्तर नाही आलं तर होकार समजू, असं आपल्याकडे फक्त सोसायटीच्या नोटिशीत लिहितात ना?"

"मग नको म्हणून कळव की."

"कळवून काय उपयोग? त्यांचा हप्ता सिटिझन्सपेक्षा वीस टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी मला जावंच लागतं. कायदाच आहे तसा."

आहे खरा. डिसेंबर 2022 पासून. खासगी कंपनीचा भाव सिटिझन्सच्या हप्त्यापेक्षा 20 टक्क्यांपर्यंत चढा असेल तर सिटिझन्सचं दार तुम्हाला बंद. मुक्त बाजारपेठेत महागडा माल घेण्याची सक्ती असते, हे अर्थशास्त्राच्या पुस्तकात मला कुठे सापडलं नव्हतं. अशा रीतीने 2024 संपता संपता सिटिझन्सची पॉलिसीसंख्या दहा लाखांखाली आली आणि सरकारने बाजार सावरल्याचं जाहीर केलं. माणसं तीच, घरं तीच, समुद्र तोच. वही बदलली.

जी नवी कंपनी बहिणीला मिळाली, तिचं नाव तिने आधी ऐकलं नव्हतं. तिने जुन्या बिलावर दोन छोट्या ओळी दाखवल्या, टक्का-दीड टक्क्याच्या. त्या कशाच्या, तर बुडालेल्या कंपन्यांचे क्लेम भागवणाऱ्या हमी मंडळाच्या. म्हणजे आधीची कंपनी तिला सोडून गेली आणि जाताना तेराव्याचा खर्चही तिच्याच नावावर लिहून गेली.

आणि या सगळ्यात हप्ता नेमका किती, हेही धड सांगता येत नाही. विमा उद्योगाच्या संस्थेने 2023 साठी सरासरी 6,000 डॉलरचा अंदाज दिला. राज्याच्या विमा खात्याची सरासरी त्याहून कितीतरी खाली. एकाला परिस्थिती भयंकर दाखवायची असते आणि दुसऱ्याला आटोक्यात, त्यामुळे सरासरीसुद्धा पक्ष बघून निघते.

हप्ता कमी करायचा एक प्रामाणिक मार्ग आहे, घर मजबूत करणं. त्यासाठी फॉर्म ओआयआर-बी1-1802. तपासनीस येतो, शिडी लावून माळ्यावर शिरतो, आडवा पडून, टॉर्च तोंडात धरून छपराचं लाकूड भिंतीला कसं जोडलंय त्याचे फोटो काढतो. लाकडी वाशाला लोखंडी पट्टी आहे का? पट्टी वाशावरून वळसा घालून पलीकडे गेलीय का? वाशाशी निदान तीन खिळे आहेत का? पट्टी आहे पण खिळे दोनच, तर पट्टी नसल्यासारखी. बहिणीच्या घराला बऱ्याच ठिकाणी दोन खिळे निघाले. बांधणाऱ्याने प्रत्येक वाशामागे एक खिळा वाचवला, आणि त्या एका खिळ्याचे पैसे ती दर वर्षी भरत होती. पुढे सुतार बोलावून तिसरा मारून घेतला. सगळ्या गोंधळात मला हाच भाग आवडतो, कारण इथे पैसा खरोखर छपरात जातो. अशी कामं करायला राज्याची अनुदान योजनाही आहे, घरमालकाच्या एका डॉलरला सरकारचे दोन, कमाल 10,000. ती 2006 मध्ये सुरू झाली, मग वादळं यायची थांबली तशी थंडावली, आणि 2022 मध्ये पुन्हा उघडली. पैसे मंजूर झाले की अर्जांचा लोंढा येतो आणि तिजोरी बघता बघता रिकामी होते. खटल्यांवर घसा कोरडा करणाऱ्या आमदारांना खिळ्यांवर बोलायला फारसं सुचत नाही. खिळ्यात शत्रू नसतो ना.

पॉलिसी मिळाली म्हणजे सुटलो, असं ज्याला वाटतं त्याने डिडक्टिबलची ओळ वाचावी. साध्या नुकसानीला हजार-पाचशे डॉलर आपल्या खिशातून. हरिकेन असेल तर टक्केवारी, आणि तीही नुकसानीची नव्हे, घराच्या विमा रकमेची. 4 लाखांचं घर आणि 2 टक्के असेल तर पहिले 8,000 तुमचे. 5 टक्के निवडले असतील तर 20,000. हप्ता परवडावा म्हणून लोक पाच निवडतात. त्यांनी विमा काढलेला असतो, फक्त वादळाचा तेवढा काढलेला नसतो, असं म्हटलं तरी चालेल.

आणि पाणी तर त्यात मुळीच नाही. घरविम्यात वारा आहे, पूर नाही. पुराचा विमा केंद्र सरकारचा, 1968 पासूनचा. घराच्या बांधकामासाठी कमाल अडीच लाख डॉलर, आणि त्या योजनेच्या डोक्यावर 20 अब्जांहून जास्त कर्ज. वादळ मात्र वारा आणि पाणी एकत्रच घेऊन येतं, त्याला ही खातेवाटणी कुणी कळवलेली नसते. मग तुळई आणि जोतं एवढंच उरलेल्या घरापुढे उभं राहून सर्व्हेअर ठरवतो की आधी वाऱ्याने पाडलं की पाण्याने. वारा म्हटलं तर कंपनी देणार, पाणी म्हटलं तर सरकार देणार. सर्व्हेअरला पगार कंपनीचा. पुढचं सांगायला नको. इयाननंतर परवानाधारक सर्व्हेअरच फ्लोरिडाच्या आमदारांसमोर येऊन सांगून गेले की आमचे अहवाल आमच्या माघारी बदलून रकमा कापल्या.

हा वारा-पाण्याचा वाद बड्याबड्यांना चुकलेला नाही. 2005 मध्ये कतरिना वादळाने मिसिसिपीतलं सिनेटर ट्रेंट लॉट यांचं समुद्रासमोरचं घर साफ नेलं. लॉट म्हणजे रिपब्लिकनांचे सिनेटमधले माजी नेते, उद्योगधंद्यांचे जुने मित्र. कंपनी म्हणाली, पाण्याने गेलं, आम्ही देणं लागत नाही. मग लॉट यांनी कंपनीवर खटला भरला. वकील कोण? त्यांचे साडू, डिकी स्क्रग्ज. साडूंचंही घर गेलं होतं. खटला तडजोडीत मिटला. साडू पुढे कतरिनाच्याच खटल्यांच्या फीवरून झालेल्या भांडणात न्यायाधीशाला लाच द्यायच्या प्रकरणी तुरुंगात गेले. विमा या विषयावर कादंबरी लिहा म्हटलं तर लोक जांभया देतात, ही त्यांची चूक आहे.

सरकारी शहाणपणाचा खरा नमुना मात्र सेंट पीटर्सबर्गला बघायला मिळतो. तिथल्या पालिकेच्या मालकीचं ट्रॉपिकाना फील्ड हे बेसबॉलचं स्टेडियम. मार्च 2024 मध्ये पालिकेने त्याचं विमा संरक्षण 10 कोटी डॉलरवरून अडीच कोटींवर आणलं. बचत झाली 2 लाख 75 हजारांची. डिडक्टिबल 2 कोटी 20 लाखांचं. ऑक्टोबरच्या 9 तारखेला मिल्टन वादळ आलं आणि स्टेडियमचं कापडी छप्पर फाडून लक्तरं करून गेलं. दुरुस्तीचा अंदाज साडेपाच कोटींच्या वर. घरमालकांना उपदेश करणाऱ्या राज्यात एक आख्खी पालिका बिनछपराची उभी होती. हप्ता वाचवला म्हणून त्या मार्चमध्ये कुणाची तरी पाठ थोपटली गेली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पैसा अखेर जातो कुठे, याचं एक उत्तर बर्म्युडा. फ्लोरिडातल्या लहान कंपन्या हप्त्याचा मोठा हिस्सा पुनर्विम्यावर खर्च करतात, आणि पुनर्विम्याचा मोठा बाजार अटलांटिकमधल्या त्या चिमुकल्या बेटावर भरतो. अँड्र्यूनंतर 1993 मध्ये तिथे नव्या पुनर्विमा कंपन्यांचं पीकच आलं. बेट स्वतः वादळांच्या वाटेवर आहे. तिथे घरं दगडाची, छपरं जाड चुनखडीची. धंदा कळणारा माणूस राहतो कसा, ते यावरून दिसतं.

मे 2024 मध्ये डीसँटिस यांनी एका कायद्यावर सही केली आणि राज्याच्या कायद्यांतून हवामानबदलाचे बहुतेक उल्लेख काढून टाकले. बर्म्युडात अजून त्या सहीची दखल घेतलेली दिसत नाही. तिथे भाव ठरवताना समुद्राचं तापमान विचारतात.

आपल्याकडे विम्याचा हा वादच नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन-दिवेआगरची कौलं आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळी भुईसपाट झाल्या. कंपन्या कोकण सोडून पळाल्या अशी बातमी तेव्हा कुणी वाचली नाही, कारण घरविमा घेऊन कुणी तिथे फिरकलंच नव्हतं. आला तो तलाठी, पंचनामा करायला. वारा की पाणी असं त्याने विचारलं नाही, सातबारा विचारला. बहिणीचं म्हणणं, निदान तो कुणाच्या भगिनी कंपनीला फी देत नाही. मी म्हटलं, तू अमेरिकेत राहून भाबडी झालीस.

परवा तिला सिटिझन्समध्ये राहिलेल्या मैत्रिणीचा फोन आला होता. डिसेंबर 2022 च्या, त्या वीस टक्केवाल्या कायद्यातच आणखी एक कलम आहे. सिटिझन्सच्या घरमालकांना पुराचा विमाही वेगळा काढावाच लागेल, मग घर पूररेषेत असो वा नसो. आधी महागड्या घरांना, मग दर वर्षी एक पायरी खाली, आणि शेवटी सगळ्यांना. नवा गव्हर्नर निवडायला फ्लोरिडा मतदान करणार नोव्हेंबर 2026 मध्ये. शेवटची पायरी लागू होते 1 जानेवारी 2027 ला.